अप्पांच्या जखमेचे नकाशे

प्रिय अप्पा,

आज लिहायला बसले ती आईच्या टाचेमुळे. मधुमेहानं तुमचा पाय गेला, मग तुम्हीही गेलात, आणि आता तिला तशीच जखम झाली आहे. तिच्या ड्रेसिंगसाठी कात्री शोधताना तुमच्या कपाटात ट्रेसिंग पेपरची गुंडाळी सापडली.

नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस स्वतःची जखमही सोडेना! दर शुक्रवारी तुम्ही तिची कड गिरवून खाली तारीख घातली आहे. मी कागद एकावर एक ठेवून पाहिले. जखम वाढतच गेलेली, फक्त मधल्या तीन कागदांवर ती लहान होत आली आहे. असं का?

तारखा पाहिल्या. तेव्हा तुम्ही पापनाशमला आत्याकडे होतात. आता आपल्याकडे फोन आलाय, लगेच लावला.

"पत्तियम पाळायचं म्हणून मला कोण सांगितलं?" आत्या म्हणाली. "घरात केलं ते वाढलं. परुप्पु, तैर, संध्याकाळी सुंडल. पाय तेवढा खाली टेकू दिला नाही."

म्हणजे पथ्यबिथ्य काही नाही; डाळ, दही, हरभऱ्याची उसळ. आणि इथे तंजावुरात? डाळीनं जखमेत पू धरतो म्हणून आईनं तुम्हाला मिरीच्या पातळ रसम-भातावर ठेवलं होतं. एकदा तुम्ही डाळीला हात घातलात, तेव्हा वाटी मीच उचलून नेली. ते अजून खुपतं मला.

आईच्या डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या, गोळ्या, ड्रेसिंग, पायाला आराम हे हवंच; पण नवं मांस भरायचं तर पोटात डाळ, दही जायला नको का? घरी आल्यावर आईनं पानातली डाळ बाजूला सारली. ती खाल्ली तर तुम्हाला उपाशी ठेवलं हे कबूल करावं लागेल ना.

तुम्हाला कळलं होतं का, अप्पा? रेषा तर तुमच्याच हातच्या. मग बोलला का नाहीत? तिचं मन राखायला? मला तुमचा रागच येतो.

आज जेवताना तिनं विचारलंच, "अप्पांच्या वेळेला हे ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनाही आत्ता आत्ता कळलंय."

तिनं पान पुढे ओढलं. मग डाळ भातात कालवली.

गुंडाळी तिच्या हाती लागू देणार नाही, अप्पा. दर शुक्रवारी तिची जखम मी गिरवीन. आणि तिच्या पुढची वाटी उचलणार नाही.

तुमची,
सरोजा