चौथी डिस्क कोरी हवी

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची! पुलुपांदानहून पंपबोटीने गिमारास बेटावर आले, आणि अर्धा वेळ बोटीच्या टोकावर बसून पाय पाण्यात सोडले होते. नावाडी ओरडला, की इंदाय, पाय माशांना द्यायचे असतील तर उतरल्यावर दे, माझ्या बोटीत रक्त नको. मी पाय आणखी खोल घातले.

रेडिओ केंद्र म्हणजे आंब्याच्या बागेमागची दोन खोल्यांची बैठी इमारत आणि शेजारी उंच मनोरा. माणसं तीनच, तीही एकाच घरातली. नांग पासिता (वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे नांग, पुरुषाला नोंग) सत्तरीच्या, सकाळचा कार्यक्रम त्यांचा. त्यांचे धाकटे भाऊ नोंग बेर्तो मनोरा आणि यंत्रं सांभाळतात. पासितांची मुलगी देलिया बातम्या वाचते आणि उरलेल्या वेळात दोघांना दटावते. माझं काम साधं आहे: तीस वर्षांचं ध्वनिमुद्रण चार डिस्कवर आहे, ते जुन्या मरतुकड्या यंत्रातून काढून नव्या लिनक्स सर्व्हरवर बसवायचं. नोंग बेर्तोंनी विचारलं, की सर्व्हरचं खोकं जड आहे, बाकोलोदहून कुणी पुरुष नाही का पाठवला? मी ते खोकं उचलून त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. दहा दिवसांत काम संपवलं नाही तर नावाची नोरीन पाल्मारेस नाही.

मंगळवार, ५ मार्च

जुनं यंत्र उघडलं. खोबणी चार, डिस्क तीनच. चौथीची हकीकत देलियाने सांगितली, बातमी वाचावी तशी. दोन वर्षांपूर्वी चौथी बिघडली. ही सगळी मांडणी तिच्या भावाने, रोनेलने केलेली. तशीच दुसरी मिळवायला तो ती डिस्क पिशवीत घालून पलीकडच्या इलोइलो शहराला निघाला. सामुद्रधुनीत बोट उलटली. रोनेल सापडला नाही, पिशवीही नाही. एवढं सांगून ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मग जेवताना मीच धीर द्यायला म्हटलं, की रेकॉर्डिंग काही गेलेलं नाही. ही मांडणी अशीच असते. प्रत्येक डिस्कवर थोडा थोडा हिशेब बाकीच्यांचाही असतो, म्हणून उरलेल्या तिघी मिळून चौथीच्या पोटात काय होतं ते सांगू शकतात. नवी डिस्क लावली की यंत्र तिघींना विचारून विचारून तिच्यावर सगळं पुन्हा लिहितं. नांग पासितांनी विचारलं, अगदी तसंच? मी म्हटलं, काना-मात्रेचाही फरक नाही. थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं, चौथी कोरीच लागते का गं? मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

बुधवार, ६ मार्च

तिन्ही डिस्क नव्या सर्व्हरमध्ये बसवल्या, मुद्दाम उलटसुलट क्रमाने. काही बिघडलं नाही. प्रत्येकीच्या डोक्यावर ती कुठल्या घरची आणि कितवी हे लिहिलेलं असतं, नवं यंत्र ते वाचून त्यांना ओळीत बसवतं. पडद्यावर तीन खुणा आल्या आणि चौथ्या जागी नुसती आडवी रेघ. तिथे कोरी डिस्क लावली. टक्का हलू लागला.

वेग मुद्दामच कमी ठेवलाय, नाहीतर चालू कार्यक्रम अडखळेल. त्यात दिवसातून दोनदा ब्राउनआउट, वीज गायब. आठवडा तरी जाईल. जाऊ दे, इथले आंबे चांगले आहेत.

शुक्रवार, ८ मार्च. १९ टक्के

मी काम करत असले की तिघांपैकी कुणी ना कुणी शेजारी येऊन बसतं आणि रोनेलबद्दल सांगतं. नांग पासिता सांगतात तो तान्हा असतानाचं. देलिया सांगते त्याच्या खोड्या. नोंग बेर्तो सांगतात, की पोरगा मनोऱ्यावर माकडासारखा चढायचा आणि वरून मामाला शिव्या घालायचा. एकजण थांबतं तिथून दुसरं सुरू करतं. दुःख आहे, बोलू दे बिचाऱ्यांना, असं मी आधी म्हटलं.

दुपारी भाताबरोबर गिनामोस खाल्लं. दोनदा मागून घेतलं. सुकटीच्या त्या लगद्याने लहानपणापासून माझ्या अंगावर गांधी उठतात. आज एकही उठली नाही.

रविवार, १० मार्च. ३८

नांग पासितांनी मला तोतो म्हणून हाक मारली. आमच्याकडे मुलाला तोतो, मुलीला इंदाय. यात आंधळासुद्धा चुकत नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं, की इंदाय म्हणा. त्या म्हणाल्या, हो हो, म्हातारपण झालं. नोंग बेर्तो खो खो हसले. देलिया हसली नाही.

संध्याकाळच्या आधी मनोऱ्याचा एक बोल्ट सैल होता म्हणून वर चढलो. चढले. वर गेल्यावर आठवलं, मला उंचीची भीती वाटते. खाली नोंग बेर्तो उभे होते. त्यांना मी अशी काही शिवी घातली, जी मला येत नाही. ते रडायला लागले, आनंदाने.

मंगळवार, १२ मार्च. ५७

बास. यांचं दुःख यांच्यापाशी. अर्ध्या जेवणातून उठले, सांगितलं की मी घरी चालले. आमच्याकडे कुणी जेवणातून उठून प्रवासाला निघालं, तर उरलेले आपापलं ताट फिरवतात, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. कुणीही ताट फिरवलं नाही. नांग पासितांनी तर आपलं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

धक्क्यावर बोट तयार होती. पाणी बघितलं आणि पाय लाकडाचे झाले. नाकातोंडात खारट पाणी शिरल्यासारखं— मी, जी पाय सोडून आले होते! तीनदा प्रयत्न केला. नावाडी म्हणाला, तोतो, येणार आहेस का नाही?

परत आलो. परत *आले*. हे नीट लिहीत जा, नोरीन.

बुधवार, १३ मार्च. ६६

प्लग काढला. दोन तासांनी लावला. आकडा मागे नाही, पुढेच.

मग कोरी डिस्कच उपटून काढली. ही इथे टेबलावर आहे, वहीच्या शेजारी, थंड. पडद्यावर ६७ झाले. ६८.

डिस्कवर नाही, तर मग लिहिलं जातंय कशावर?

आईला फोन केला. ती म्हणाली, नोरीनच्या फोनवरून कोण बोलतोय? काय केलंत हो माझ्या मुलीचं? मी आई आई म्हणत राहिले. तिने घाबरून फोन ठेवला.

गुरुवार, १४ मार्च. ८१

तिघांना समोर बसवून विचारलं. नांग पासितांनी नाकारलंसुद्धा नाही. म्हणाल्या, तूच सांगितलंस ना, तिघं असली की चौथा परत येतो. तुझं असं काय आहे गं? लग्न नाही, लेकरू नाही. कोरीच तर आहेस.

कोरी! सत्तावीस वर्षं आहेत माझ्यात! दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा काढलेली परीक्षा आहे, बापाशी केलेली भांडणं आहेत, डोळ्यादेखत बुडालेला एक प्रियकर— नाही, तो बुडाला नाही, सौदीला गेला. बुडालो मी— बुडाला रोनेल.

ओरडून सांगितलं, की तुमचा मुलगा गेला याचं मला वाईट वाटतं, पण माझ्या अंगात त्याला राहू देणार नाही. उद्यापर्यंत हे थांबवा. देलिया हळूच म्हणाली, की थांबवायचं कसं ते आम्हाला येत नाही, आम्ही फक्त त्याची आठवण काढतो.

शुक्रवार, १५ मार्च, सकाळ. ९३

मला येतं.

तिघी आहेत म्हणून चौथा होतोय. आणखी एक डिस्क उपटली तर दोनच उरतील, आणि दोघींच्या जिवावर कुणीच परत येत नाही. सगळंच जाईल. तीस वर्षं, बेटावरचे सगळे आवाज, रोनेलचाही. त्यांच्याकडे त्याचं तेवढंच उरलं आहे. मला माहीत आहे. रात्रभर रडलो त्यावर.

रडले.

रडले, रडले, रडले.

दुपार. ९८

दार आतून लावलंय. नोंग बेर्तो कुऱ्हाड आणायला गेले. येऊ देत. कुऱ्हाडीला भिणारी नाही मी. भिणारा नाही. भिणा—

९९

दुसरी डिस्क मुठीत धरली आहे. अजून खोबणीत आहे. दाराला घाव बसतायत.

आई बाहेर रडत्ये. म्हणते, नको रे, एवढं थोडं राहिलं—

कुणाची आई? माझी आई बाकोलोदला आहे. तिचं नाव पासि—

नाही. तिचं नाव—

नाही आठवत. नसू दे. हात माझा आहे अजून. हा हात माझाच आहे. बघा, मी ओढत