पाय लागला तर

काकू, तुम्हाला लिहायचं तर मराठीतच लिहायला हवं, आणि मराठीत लिहायला बसलं की तुम्ही लाल पेन घेऊन शेजारी बसल्यासारखं वाटतं. इथे सांता क्लाराला रविवारची दुपार आहे. खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांवर ऊन आहे, आणि सगळं पांढरं, थोडं हलतंय असं दिसतं. माझ्या जुन्या कोचचा परवा फोन आला. बायकांची व्यावसायिक सॉकर लीग पुन्हा सुरू होतेय, पुढच्या वसंतात. पहिली बंद पडली तेव्हा तुम्ही होतात. त्यानंतर इतकी वर्षं या देशात आमच्यासाठी तसं काही नव्हतं. कोच म्हणाली, "डाव्या पायाच्या डिफेंडर मिळत नाहीत. तू कॅम्पला ये, बाकीचं मी बघते. फक्त लवकर कळव." मी तुम्हाला लिहितेय, कारण माझं एकाच गोष्टीवर अडलंय, आणि ती गोष्ट तुम्हाला सोडून कुणालाही सांगितली तर मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागेल.

पिस्कॅटवेच्या तुमच्या घराचं बेसमेंट मला हल्ली दिवसाढवळ्या दिसतं. तपकिरी कार्पेट, कोपऱ्यात वॉशिंग मशीन. ते फिरायला लागलं की बाराखडी म्हणणारे आमचे आवाज हळूहळू त्याच्याच लयीत जायचे. वर कढीला फोडणी बसायची आणि तिचा वास जिना उतरून खाली यायचा. रविवारच्या मराठी वर्गाची आम्ही मुलं, सगळी आईवडिलांनी ढकललेली. मी मॅचवरून थेट यायचे, शिनगार्ड तसेच पायात. तुम्ही म्हणायचात, "आली का, पायांना हेल्मेट घालून!" मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे आणि तुम्ही ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचात. एकदा बसायला जाताना माझा पाय कुणाच्यातरी पुस्तकाला लागला आणि मी तशीच पुढे गेले. तुम्ही मला परत बोलावलंत. "पाय लागला ना? मग?" मला घरी हे कुणी शिकवलं नव्हतं. आईबाबा सारखे कामात असायचे. तुम्ही माझा हात धरून पुस्तकाला टेकवलात आणि मग माझ्याच छातीला लावलात. मी म्हटलं, "But it's just paper." त्या दिवशी ते तुम्हाला ऐकू आलं. "कागदाला काय कळणार? तुला कळू दे की लागला."

मग ते माझ्या हातात बसलं. पुस्तक, दप्तर, माणूस, कशालाही पाय लागला की उजवा हात आपला आपण जायचा, आधी तिकडे, मग छातीकडे. मला विचार करावा लागत नव्हता. हायस्कूलच्या टीममध्ये, पुढे युनिव्हर्सिटीत, मुली हसायच्या, म्हणायच्या, आली आशीर्वाद देणारी. मी हसत नसे आणि समजावतही नसे. दिवसा मेकॅनिकल इंजिनिअरिंगची लेक्चर्स, संध्याकाळी मैदान. कुणाला पाय लागला, हात गेला, खेळ पुढे सरकला. तेव्हा खेळाचा वेग इतका होता की त्यात हे मावून जायचं.

लीगमध्ये मावेना. तिथे माझ्यासमोर येणाऱ्या बायका लहानपणी टीव्हीवर बघितलेल्या होत्या, आणि त्या थांबत नव्हत्या. पहिल्या सीझनच्या मध्यावर कोचने मला व्हिडिओ रूममध्ये बोलावलं. टेप चालू केली, थांबवली. पडद्यावर मी वाकलेली, माझी बोटं समोरच्या फॉरवर्डच्या बाहीला टेकलेली, आणि ती निघून चाललेली.

"हे काय?"

"काही नाही."

"हे 'काही नाही' मला प्रत्येक मॅचमध्ये दिसतंय. रेफरीला वाटतं तू जर्सी ओढतेस. मला वाटतं तू तिला सॉरी म्हणतेस. कुठलं खरं?"

मी म्हटलं, दोन्ही नाही. तिने च्युइंगम चघळत टेप बंद केली. मग म्हणाली, जे असेल ते घालव, नाहीतर पुढच्या सीझनला तुझं नाव माझ्या यादीत नसेल. ती बरोबरच होती. हात खाली गेला की खांदा जातो, खांद्यामागे शरीराचं वजन पुढच्या पायावर येतं, आणि तो पाय मोकळा होईपर्यंत समोरची बाई तुम्हाला ओलांडून गेलेली असते. कुणीही आकृती काढून दाखवू शकेल. पण आकृती कळून हात थांबत नव्हता.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही आणि काका मॅच बघायला आलात. मला आत्ताही दिसताय, ऊन लागू नये म्हणून काळी छत्री उघडून बसलेल्या, मांडीवर चिवड्याचा डबा, मागच्या रांगेतली माणसं छत्रीच्या दोन्ही बाजूंनी वाकून बघतायत. गवत इतकं हिरवं की खोटं वाटावं. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या गोलसमोर माझा बूट एकीच्या पोटरीला लागला. चेंडू मी स्वच्छ काढला होता. हात गेला. शिट्टी वाजली, पेनल्टी, आणि आम्ही हरलो. नंतर पार्किंगमध्ये तुम्ही छत्री मिटत विचारलंत, आणि रागावलात की तुमचं नागपूर बाहेर यायचं तसं ते आलं:

"काहून गं? त्या पोरीच्या पाया काहून पडत होतीस?"

"पाया नाही पडले, काकू. पाय लागला तिला."

"अगं, पायांचाच खेळ ना तो? मग लागणारच की!"

काका गाडीचं दार उघडत म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत बाईसाहेब, आता भोगा."

तुम्ही हसला नाहीत. गाडीत बसेपर्यंत मी तुम्हाला कोचचं म्हणणं सांगून टाकलं होतं. मी असं कुणाला सांगत नाही. तुम्ही काच खाली केलीत आणि म्हणालात, "मंगळवारी ये. घरी कुणी नसतं."

मी आले. मला वाटलं होतं तुम्ही समजावून सांगाल, काहीतरी अर्थ लावून द्याल. तुम्ही बेसमेंटमध्ये खुर्ची ठेवली, बसलात आणि लोकरी मोजा घातलेला उजवा पाय पुढे केलात. मग माझ्या दोन्ही मुठींत कच्चे शेंगदाणे भरलेत. "मार. आणि एक दाणा खाली पडता कामा नये."

मी म्हटलं, मला नाही जमणार. तुम्ही म्हणालात, "खेळायचंय ना तुला?"

मी तुमच्या पायाला पाय लावला, इतका हळू की मोज्याची लोकर तेवढी जाणवली. मूठ उघडली. शेंगदाणे कार्पेटभर. तुम्ही म्हणालात, "पुन्हा." आज आठवताना तो दिवस पाण्याखाली घडल्यासारखा वाटतो. मशीन फिरतंय, वरच्या लहान खिडकीतून येणारा उजेड भिंतीवरून हळूहळू सरकतोय, मी तुम्हाला लाथ मारतेय आणि तुम्ही म्हणताय, जोरात, अगं जोरात, मी काय काचेची आहे? काका कामावरून लवकर परतले, जिन्यात येऊन खाली बघून म्हणाले, "हे काय चाललंय?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मराठीचा वर्ग." ते गुडघ्यांवर बसून शेंगदाणे वेचायला लागले. मला रडू येत नाही सहसा. त्या दिवशीही आलं नाही. संध्याकाळच्या सुमाराला कधीतरी माझा पाय तुमच्या पायावर नीट, खेळात बसावा तसा बसला, आणि माझ्या मुठी मिटलेल्याच राहिल्या. तुम्ही कळवळलात आणि म्हणालात, "झालं."

मग तुम्ही उठायला गेलात. मी समोर खाली बसले होते, तुमचा पाय माझ्या खांद्याला लागला, आणि तुमचा हात लगेच माझ्या खांद्याला, तिथून तुमच्या छातीला. मी बघत राहिले. "मला कुठे खेळायचंय?" म्हणालात आणि कढी गरम करायला वर गेलात.

त्यानंतर मी चांगली खेळले. हे मी मोजूनमापून म्हणतेय. पुढचे दोन्ही सीझन मी सुरुवातीच्या अकरांत होते. संध्याकाळच्या मॅचेस होत्या, दिवे लागायच्या आणि ऊन जायच्या मधल्या वेळात मैदानाला सावल्याच नसायच्या. माझ्यासमोर कुणीतरी चेंडू घेऊन येतंय, स्टेडियमचा आवाज कुठेतरी दूर गेलाय, आणि मला आधीच माहीत आहे ती कुठे वळणार. पाय लागायचे, बायका पडायच्या, मी उठून पुढे जायचे. हात माझ्या बाजूला शांत असायचे. त्या वेळी मी जेवढी सुखी होते तेवढी नंतर झालेली नाही. तिसऱ्या सीझननंतर आम्हाला एका फोनवर सगळ्यांना एकत्र सांगितलं की लीग बंद. मी माझे बूट घेऊन आले आणि नोकरीचे अर्ज भरायला लागले.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात, अचानक, जिन्यात. फ्यूनरल होममध्ये गालिचा होता आणि सगळे ओव्हरकोट घालून उभे होते. इथे पेटीचं झाकण दोन भागांत असतं, वरचा उघडतात, खालचा मिटलेला असतो. तुमचे पाय त्या मिटलेल्या भागात होते. आपले लोक रांगेने पुढे जात होते, पायांच्या जागी लाकडाला हात लावत होते, मग कपाळाला. माझी पाळी आली तेव्हा माझ्या बुटाचं टोक पेटीखालच्या स्टँडला आपटलं. मोठा आवाज झाला, काकांनी वळून पाहिलं. आणि माझा हात गेला नाही. काकू, तो जायला हवा होता हे मला कोटाच्या खिशात हात तसाच असताना, गाडीपाशी पोचल्यावर आठवलं.

मी इकडे आले. वस्तू पडल्यावर कशा फुटतात याची मी नोकरीत चाचणी करते, म्हणजे त्या पाडते आणि कशा फुटल्या ते मोजते. काम मला आवडतं. काही वर्षं अशीच गेली, धुक्याची आणि हायवेची. मग या मार्चमध्ये एका मीटिंगमध्ये टेबलाखाली माझा पाय शेजारच्या सहकाऱ्याच्या बॅगेला लागला. मी त्या वेळी आकडे वाचून दाखवत होते. वाचता वाचता माझा हात खाली गेला, बॅगेला टेकला आणि वर छातीला आला. त्याने विचारलं, "काही पडलं का?" मी म्हटलं, नाही, आणि पुढचा आकडा वाचला. नंतर मी जिन्यात जाऊन बसले आणि तो हात दुसऱ्या हातात धरून ठेवला. तेव्हापासून तो आहे. सुपरमार्केटमध्ये कुणाच्या ट्रॉलीला, लिफ्टमध्ये कुणाच्या बुटाला. तो येतो तेव्हा मला विचार करावा लागत नाही.

कोचला डाव्या पायाची डिफेंडर हवी आहे. मी अजून धावते, माझा वेग फार गेलेला नाही. नोकरीतून सुट्टी मिळेल, मी विचारून ठेवलंय. कॅम्पला गेले तर पहिल्याच दिवशी कुणालातरी पाय लागेल, हात जाईल, आणि मला तो पुन्हा घालवावा लागेल. ते जमेल मला, कसं करायचं ते आता ठाऊक आहे. खुर्चीत कुणालाही बसवता येईल. पण या वेळी घालवला तर तो पुन्हा परत येईल का, ते ठाऊक नाही.

इथवर लिहून मी उठले आणि कोचला फोन केला. म्हटलं, येणार नाही, गुडघा साथ देत नाही. ती म्हणाली, वाईट झालं, पण समजू शकते. मग काकांचा फोन आला. ते प्लेनोला मुलाकडे असतात आणि दर रविवारी फोन करतात. त्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, रोज रात्री तिळाचं तेल कोमट करून चोळत जा, गुडघा सुटेल. मी हो म्हटलं. हे पत्र त्यांच्याकडे पाठवता आलं असतं, पण आता पाठवणार नाही. गुडघा चांगला आहे, काकू. त्याला काही झालेलं नाही.