खालचा साचा

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे बरं आहे. कवळ्यांची कामं भरपूर आहेत, बाबांचं डायलिसिस वेळच्या वेळी होतं. फोनवर बाबा कॅमेरा छताकडे का धरतात, असं तू विचारलंस. ते रागावलेले नाहीत रे.

आधी माझी फजिती ऐक. बाबांची खालची कवळी बसेना. मीच केलेली, म्हणजे चूक माझीच. घासली, लावली, पुन्हा घासली. बाबा म्हणायचे, "झकास बसली गं," आणि माझी पाठ वळली की काढून वाटीत ठेवायचे. नवी केली, तीही काही दिवसांत टोचू लागली. मी रडकुंडीला आले, तर म्हणतात, "दातांचं दुकान आणि मालक बोळका! गिऱ्हाइकं पळतील."

कवळीला दोष देण्याआधी तोंडाचं माप पुन्हा घ्यावं, हे त्यांनीच शिकवलेलं. घाबरून मी तेच विसरले होते. शेवटी नवं माप घेतलं, प्लास्टर ओतलं आणि जुन्या साच्याशेजारी ठेवलं. नवा साचा चांगलाच रुंद होता. माझी कवळी बरोबर होती, दादा. जबडा वाढत होता.

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली की मानेतल्या बारीक ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम ओढू लागतात. हाड मऊ पडतं, कधी असं फुगतं. बाबांचे गालही वर आलेत, नाक त्यात बुडाल्यासारखं दिसतं. रोज बघणाऱ्या मला ते कळलंच नाही.

सोळा तारखेला त्या ग्रंथी काढणार आहेत. वाढ थांबेल असं म्हणतात, पण चेहरा पहिल्यासारखा होईलच असं नाही.

"त्याला कळवू नकोस," बाबा म्हणाले. "त्याच्याजवळ माझा चांगला चेहरा आहे, तोच राहू दे." मी बरं म्हटलं. काल दाढी करता करता थांबले आणि विचारलं, "तुझ्या दादाच्या हनुवटीवर माझी खळी आहे ना गं अजून?" त्यांची स्वतःची आता दिसत नाही.

म्हणून लिहिते आहे. ओळखीच्यांच्या हाती या पत्रासोबत दिलेल्या खोक्यात कापसात गुंडाळलेला नवा साचा आहे. त्याच्यावरून हात फिरव, रोज फिरव. हात सरावला की ये, सोळाच्या आत. दार उघडल्यावर तू दचकू नयेस, एवढंच मागणं आहे.

वाढ थांबली का, ते पुढे त्याच साच्याशी ताडून बघायचं आहे. तेव्हा तो मला परत हवा. टपालाने पाठवू नकोस, फुटेल. हातात धरून आण.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी धाकटी