घरमालकाला घेऊन या

बाबा, तुम्हाला कचेरीत बोलावले आहे. घरमालकाने स्वतः यावे आणि या घरात राहणाऱ्या परदेशी बाईस आपली संमती आहे, असे लिहून सही करावी, असा आदेश आहे. घरमालक म्हणजे तुम्ही. चर्चच्या मागे तुम्हाला मातीत ठेवून किती पावसाळे उलटले, हे त्या कचेरीला ठाऊक नाही, कारण घरपट्टी आजही तुमच्या नावाने येते आणि विजेचे बिलही. आपल्या उमेळे गावात अशी घरे पुष्कळ आहेत. बाप जातो, बिलावरचे नाव राहते. भाऊ भाऊ तो विषय काढत नाहीत, कारण तो काढला की वाटणी निघते.

ती परदेशी बाई म्हणजे तुमच्या नातवाची बायको. तो आखातात एका हॉटेलच्या भटारखान्यात होता, ती तिथेच केक करीत असे. फिलिपिन्सची आहे. लग्न आपल्याच चर्चमध्ये लागले, सरकारी नोंदही झाली, आता त्यांना एक मुलगी आहे. तिकडचे काम सुटल्यावर दोघे घरी आले. तुमच्या नातवाला इथे काम मिळाले. तिलाही वसईतल्या एका बेकरीने बोलावले आहे. परंतु तिच्या व्हिसावर नोकरी करण्यास मनाई आहे. कायम राहण्याचे कार्ड मिळाले तर नोकरीही करता येते. कार्डासाठी राहत्या घराचा पुरावा लागतो, व्हिसाची मुदत वाढवण्यासाठीही तोच लागतो, आणि त्या पुराव्यावर तुमचे नाव आहे. मुदत संपत आली आहे. ती टळली तर मुलीला घेऊन तिला माघारी जावे लागेल.

मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेत नाही. स्वतःच्या हाताने लिहिला, समास सोडून, आणि सुनेबरोबर त्या व्हिसाच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने तो वाचलाही नाही. संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "आजोबा, घर कोणाच्या नावावर?"

"माझ्या वडिलांच्या."

"मग मालकाला घेऊन या. त्यांची सही लागेल."

"ते वारले आहेत."

"मग वारसांच्या सह्या आणा, नाव बदला. मालक जुळल्याशिवाय हे पुढे सरकतच नाही." नंतर तिच्याकडे वळून त्याने हिंदीत विचारले, "कब से हो इधर?" ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून, साहेब." त्यावर हा गृहस्थ शेजारच्या टेबलाला हाक मारतो, "ऐकलंस का? मराठी बोलते." जणू पिंजऱ्यातल्या पोपटाने शीळ घातली. मी म्हटले, "ती आमची सून आहे. यात हसण्यासारखे काय आहे ते मला समजावून सांगा." तो म्हणाला, "चिडू नका हो आजोबा, मी काय केलं?" त्याने खरोखरच काही केले नव्हते. माझा राग त्या काही न करण्याचाच होता.

आणि ज्या बाईवर यांचा भरवसा नाही ती कशी आहे, तेही ऐका. पलीकडच्या घरातल्या बाईने नातीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या समारंभासाठी केक मागितला. सुनेने तो दोन दिवस राबून केला. शेजारीण पैसे देऊ लागली तर हिने दोन्ही हात पाठीमागे धरले. "नको काकू. मला कामाची परवानगी नाय."

"अगो, इथे कोण बघतंय? केळी?"

"मी बघते ना."

मी ओटीवर बसून हे ऐकत होतो. आयुष्यभर नियमाने वागल्याचा मला अभिमान आहे. पण माझ्या हातात कोणी नोटा कोंबल्या असत्या तर ते हात मागे गेले असते की नाही, हे मी शपथेवर सांगणार नाही.

वारस आम्ही दोघे. धाकट्याचे घर अंगणाच्या त्या बाजूला आहे, तुम्ही बांधून दिलेतच तसे. मी कागद घेऊन गेलो. त्याने मला बसायलाही सांगितले नाही.

"दादा, मी सही करणार नाही. आज बिलावर तुझं नाव, उद्या पोराचं, परवा ह्या चिनीचं. मग मी माझ्या घरात यायचं कुठून, विमानातून?"

"ती चिनी नाही."

"असेल मग जपानी."

तेव्हा मी त्याला आपल्या स्वयंपाकघरातली ती दुपार सांगितली. आई खाडीकाठच्या गावची, 'पानी' म्हणणारी. आजी पाहुण्यांसमोर तिला तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावते आणि सगळे हसतात. तुम्ही वाडीतून येऊन नुकतेच पाटावर बसला आहात. भाताची वाफ निघते आहे. तुम्ही ताट बाजूला सारता आणि आवाज न चढवता म्हणता, "हिला हसाल त्या दिवशी मी या घरात जेवणार नाही." उठता, आणि उपाशीपोटी पानवेलींना पाणी द्यायला निघून जाता. त्यानंतर आईला कोणी हसले नाही.

सगळे ऐकून धाकटा म्हणाला, "आईला कोणी व्हिसा विचारला नव्हता." कागद घेऊन परत आलो. त्यानंतर अंगणात समोरासमोर आलो तरी आम्ही बोलत नसू. मी त्याच्या दाराकडे पाठ करून बसू लागलो.

अर्ज अडलेला असला तरी व्हिसाच्या चौकशीला हवालदार आला. अंगणाच्या मध्यावर उभा राहून त्याने नेमके धाकट्यालाच विचारले, "काका, ही परदेशी बाई इथेच राहते का? दोघे नवरा-बायको म्हणून राहतात ना?" धाकट्याने नुसते 'मला माहीत नाही' म्हटले असते तरी सारे संपले असते. तो केळीची सुकलेली पाने कापत होता. कोयता खाली न ठेवता म्हणाला, "राहते का म्हणजे? माझ्या खोकल्याने ती उठते आणि ह्यांच्या भांडणाने मला झोप येत नाही. नवरा-बायको नसते तर एवढं भांडले असते का?" हवालदार हसला आणि त्याने लिहून घेतले.

त्याच संध्याकाळी धाकटा अंगण ओलांडून आला. "आण तो कागद. नाव दोघांचं लागेल, तुझ्या एकट्याचं नाही." उभ्यानेच सही केली. मी म्हटले, "बस तरी." तो म्हणाला, "त्या दुपारी बाबांच्या मागोमाग मीपण ताट सारलं होतं. तू मात्र सगळं जेवलास. गोष्ट सांगतोस तर पुरती सांग." आणि गेला. मला ते आठवत नाही. भात चांगला झाला होता, एवढे आठवते.

कागद गेले काही दिवस माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मुलगा रोज विचारतो, "पप्पा, दिलात का?" मी त्याच्यावर खेकसतो. सून काही विचारत नाही. कागदपत्रांची पिशवी दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवते. उद्या सकाळी मी तिच्यासोबत निघणार आहे. आधी घरपट्टीच्या खिडकीवर, नंतर त्या कचेरीत. आता टाळाटाळ होणार नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकले तर पोस्टमन ते याच दारात आणून देईल, कारण त्याच्या लेखी तुम्ही अजून इथेच राहता.

नाव न बदलण्याचे कारण वाटणीचे भय, असे मी वर लिहिले आहे. ते धाकट्याचे कारण आहे. दरवर्षी घरपट्टी भरताना खिडकीतून तुमचे पूर्ण नाव मोठ्याने पुकारतात, आणि मी उठून उभा राहतो. तुमचे नाव असे खणखणीत घेणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही. उद्या ते शेवटचे पुकारतील. मी लगेच उठणार नाही, म्हणजे त्यांना ते दुसऱ्यांदा पुकारावे लागेल.