घोडीने खाल्लेलं प्लास्टर

डॉक्टरसाहेब, त्या घोडीने प्लास्टर खाल्लं नव्हतं. उडदाचं पीठ खाल्लं होतं. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी हे लिहिताना मी दोनदा दाराकडे पाहिलं, तुम्ही काठी आपटत आत याल म्हणून.

तुमचा राग दोनच गोष्टींवर. एक, प्लास्टरच्या डब्याचं झाकण उघडं टाकणारा ड्रेसर आणि दुसरा, गावठी हाडवैद. पुण्याहून आमच्या नंदुरबारच्या दवाखान्यात आलात तेव्हापासून उडदाचा लेप आणि बांबूच्या कामट्या बांधून कुणी आलं की तुम्ही तो लेप स्वतः खरवडायचात आणि विचारायचात, "हा पाय आहे की वडा?" रुग्णाला तुमची भाषा कळायची नाही. मी ती अहिराणीत सांगायचो, थोडी साखर घालून. मी तुमचाच ड्रेसर, तुम्ही शिकवून तयार केलेला. माझी माय हाडं बसवते, हे मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण तुम्ही गावात कुणाशी बोलायचात कुठे!

त्या साली तुम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत तंबू टाकलात. घोड्यावरून पडणाऱ्यांनी हाडवैदाकडे न जाता थेट आपल्याकडे यावं, हा हेतू. दुसऱ्याच दुपारी तुम्ही पाटलांकडे जेवायला गेलात आणि इकडे एकाला खाटेवर घालून आणलं. गिऱ्हाइकांना घोड्यांची चाल दाखवणारा माणूस, नडगी मोडलेली, आणि त्याची घोडी मागोमाग आलेली. मी डब्याकडे धावलो. झाकण उघडायची गरजच नव्हती, ते कालपासून बाजूला पडलेलं होतं. तापीकाठचं दव पिऊन तुमचं प्लास्टर मेलं होतं. पाण्यात कालवलं तर ताकासारखं वाहायला लागलं. तो माणूस खाटेवरून विचारतोय, "भाऊ, पाय वाकडा ऱ्हायना ते मी घोडीवर कसा बसू? मन्हं पोट त्यावरच शे." पाय त्याचा आणि नोकरी माझी. मी कनातीखालून सटकलो आणि चिंचेच्या झाडाकडे पळालो.

माय दरवर्षी यात्रेत त्या चिंचेखाली बसायची. तिने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि निघाली. तंबूत आली, दोन बोटं नडगीवरून फिरवली. "तू पाय धरी ठेव, मी वढस," मला म्हणाली, "आनि तोंड तिकडे कर, तू पहिलेपासून भित्रा शे." एक झटका, त्या माणसाची एक बोंब, आणि हाड जागेवर. मग उडदाचं पीठ, अंडी, कामट्या. वरून मी तुमचं मेलेलं प्लास्टर चुन्यासारखं फासलं. जाताना ती म्हणाली, "तुन्हा सायेबले सांगू नको. बिचाराले वाईट वाटी."

संध्याकाळी तुम्ही बोटाने टकटक करून पाहिलंत आणि म्हणालात, "सुरेख! माझ्याच हातचं वाटतं." मी मान खाली घातली, ती तुम्हाला नम्रता वाटली. सकाळी येऊन बघतो तर खाटेशी बांधलेल्या घोडीने घोट्यापाशी वीतभर लेप फस्त केलेला आणि ओठ पांढरे करून ती आणखी मागतेय. "घोडी प्लास्टर खाते?" तुम्ही ओरडलात. मी म्हणालो, "साहेब, जनावराला चुन्याची ओढ असते." तुम्ही क्षणभर विचार केलात आणि खिशातून चक्क वही काढलीत! परतल्यावर दवाखान्यात पाटी लागली, 'प्लास्टर केलेल्या रुग्णाजवळ जनावर बांधू नये.' मी निवृत्त झालो तेव्हाही ती जागेवर होती.

दीड महिन्याने तो माणूस आला. तुम्ही यायच्या आत मी सगळं सोडवलं आणि कामट्या बंबात घातल्या. तुम्ही त्याला अंगणात चालवलंत. पाय सरळ, तसूभर फरक नाही. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारलीत. "बघा! हाडवैदाच्या हाती सापडला असता तर जन्मभर लंगडला असता. काय रे, खरं ना?" त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. ओसरीच्या टोकाला, बायकांच्या बाकावर माय बसली होती. तीही तो पाय बघायलाच आली होती.

"खरं साहेब," मी म्हणालो. "या बाया चांगल्या माणसाला पांगळं करतात."

एवढं तर तुम्ही विचारलंही नव्हतं. घरी गेलो तेव्हा तिने भाकरी वाढली. "पाय नीट शे ना त्याना?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो आणि जेवलो. लाज वाटली, पण जेवलो.

आज तुमची माफी मागायला बसलो होतो. पण साहेब, तुमचं मी काय बिघडवलं? तुम्हाला कौतुक मिळालं, वर पाटीही मिळाली. हे पत्र फाडूनच टाकीन म्हणतो. माफी तिची मागायची होती. त्यानंतर ती अकरा वर्षं होती, रोज मला समोर बसवून वाढत होती. तिला कधी लिहिलं नाही, कारण तिला वाचता येत नव्हतं, असं मी सांगत आलो. बोललेलं तिला सगळं कळायचं.