फिल्टरच्या पलीकडचे तेल

१२ फेब्रुवारी, सायंकाळी पावणेसात. सुप्याच्या थांब्यावर गाडीची वाट पाहत लिहितो आहे.

आज तपासणीसाठी कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसच्या बेअरिंगमधून येणारे तेल फिल्टरच्या अलीकडून काढले, तर बाटलीत धातूची बारीक चमकी दिसली. सुपरवायझर गायकवाड साहेबांनी ती ओतून दिली. "गाळून आल्यावर घे की! मशीन बंद ठेवली तर ऑर्डर तुझा बाप पुरी करणार का?" गाळलेले तेल स्वच्छच असणार. तेच तपासणीच्या बाटलीत भरले, खाली सही माझी. नाही म्हटले असते तर? माझे कंत्राट याच महिन्यात संपते. पण ती चमकी... बेअरिंग झिजते आहे, दुसरे काय?

सुटताना प्रेस चालवणाऱ्या रफिकचाचांनी विचारले, "बाळा, लई आवाज करती ही. तेल बरं हाय ना?"

म्हणालो, "व्हय चाचा, एकदम स्वच्छ."

उद्या सकाळी पुन्हा त्याच प्रेसखाली त्यांचे हात असतील.