केल्विन अजून उशिरा येतो

होबार्ट,
१४ मार्च

प्रिय अ‍ॅथॉल,

तुमचं पत्र आणि नेरिडाच्या टोमॅटो चटणीची बरणी एकाच खोक्यातून पोचली. बरणी शाबूत आहे. झाकण थोडं सैल होतं, त्यामुळे पत्राच्या एका कोपऱ्याला चटणी लागली आहे, पण अक्षर वाचता येतं. नेरिडाचा गुडघा आता कसा आहे? इकडे हवा पालटली. सकाळी डोंगर दिसत नाही, आणि हीटर लावायचा की आणखी एक स्वेटर चढवायचा यावरून माझा आणि घरातल्या मैत्रिणीचा रोज वाद होतो.

आपल्या ई-मेल यादीवर लिहिलेलं जगात कुणालाही वाचता येतं, म्हणून दोघांतलं बोलणं कागदावर करावं, हा तुमचा नियम. तो पाळून मीही कागद घेतला. अक्षराला हसू नका.

आपला प्रोग्राम, मडलार्क, नीट चालू आहे. गेल्या मंगळवारी नदीच्या वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. खाडीत गढूळ गोडं पाणी पोचायच्या आत सगळ्या कालवंवाल्यांना इशारा गेला आणि त्यांनी काढणी थांबवली. कुणाचाच माल फेकावा लागला नाही. वर पडलेलं पाणी खाली यायला जो उशीर लागतो, त्याचा हिशोब केल्विननं नेहमीसारखा बरोबर केला. कोरोमंडेलच्या कालवंवाल्या हेमीनं यादीवर पुन्हा विचारलं, की हा केल्विन प्रोग्रामचा भाग आहे की माणूस. मी उत्तर दिलं नाही. तुमच्या वर्गात रोज घंटा झाल्यावर उगवणाऱ्या मुलाचं नाव तुम्ही त्या हिशोबाला दिलंत, हे तुम्हीच सांगितलेलं बरं.

तुमचा बदल रांगेत आहे. प्रोग्राम सांभाळणाऱ्यांच्या फाइलमध्ये तीन नावं आहेत आणि तुम्ही त्यातलं पहिलं, म्हणजे स्वतःचं, खोडून पाठवलं आहे. दुसऱ्या कुणी तपासल्याशिवाय आपल्याकडे काही आत जात नाही, आणि तपासणारी म्हणून तुम्ही माझं नाव घातलं आहे. हेमी रोज टोचतो. काल म्हणाला, "अ‍ॅथॉलचा एका ओळीचा बदल आणि एवढे दिवस? एवढ्या दिवसांत आमच्याकडं कालवं वाढून विकायला येतात, बाई."

तुम्ही लिहिता, "मी मोजून पाहिलं. शंभरातल्या तीन ओळी माझ्या उरल्यात, ऐंशी तुझ्या. वाईट वाटून घेऊ नकोस, मला वाटत नाहीये. घर दुसऱ्याचं झाल्यावर दारावर माझी पाटी कशाला?"

मोजणीबद्दल सवडीनं लिहीन. बदल मी अजून उघडलेला नाही. कामं बरीच आहेत.

मेलबर्नचं ठीक झालं. सभागृह फार थंड होतं.

नेरिडाला चटणीबद्दल आभार सांगा. पुढच्या रविवारी जमलं तर डनॅलीला तुमच्याकडे येते.

तुमची,
ब्रिओनी


होबार्ट,
२९ मार्च

अ‍ॅथॉल,

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं होतं. बदल मी उघडला होता. आला त्याच दिवशी, आणि त्यानंतर रोज. एक ओळ आहे, ती वाचायला वेळ लागत नाही.

हे पत्र खरं तर रविवारीच तुमच्याकडे पोचायला हवं होतं, कारण मी स्वतःच पोचले होते. येताना गाडीत सगळं जुळवून आणलं होतं. कुठून सुरुवात करायची, कोणते शब्द टाळायचे. दारात नेरिडानं अडवलं. "आली बाई शहरातली. बूट बाहेर. आताच पुसलंय." तुम्ही आतून म्हणालात, "अगं, तिला आत तर येऊ दे." त्यावर ती म्हणाली, "येऊ दे की, पाय मोकळे घेऊन येऊ दे." मी बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. का कोण जाणे, तिथूनच माझी तयारी ढासळली.

नेरिडानं भाजलेले भोपळ्याचे गरम स्कोन आणि लोणी होतं. मेलबर्नचा कार्यक्रम नेरिडानं पडद्यावर पाहिला होता. "मी टाळ्या वाजवत होते आणि हा म्हातारा मला गप्प बसवत होता."

"मला ऐकायचं होतं," तुम्ही म्हणालात.

"तुला ऐकू येतं कुठं? आवाज एवढा मोठा केलेला, की कुत्रं उठून बाहेर गेलं."

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "एक गोष्ट मात्र चांगली केलीस. बाकी सगळं नवं केलंस, पण केल्विनला काढलं नाहीस. उपकार झाले."

मी म्हणाले, "तो कामाचा आहे."

"माझ्या वर्गात नव्हता," तुम्ही म्हणालात, आणि नेरिडा हसली. तुम्ही बशी माझ्या बाजूला सरकवलीत आणि सहज, लोणी लावता लावता, म्हणालात, "परवा कोड वाचत बसलो होतो. सारखं ओळखीचं वाटत होतं. म्हटलं, बघ, म्हातारपणी माझं डोकं या पोरीसारखं चालायला लागलंय."

मी दुसरा स्कोन घेतला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

अ‍ॅथॉल, ते तुम्हाला ओळखीचं वाटलं, कारण ते तुम्ही लिहिलेलं आहे. केल्विनचं नुसतं नावच नाही, केल्विन पूर्ण. भरतीचा भाग, इशाऱ्याचा भाग, संवेदक बंद पडला तर शेजारच्याचं वाचन घ्यायची ती युक्ती. मी मडलार्क नव्यानं लिहिलेलं नाही. कुणीच लिहिलेलं नाही.

काय झालं ते क्रमानं सांगते. दीड वर्षापूर्वी मी तुमच्या सगळ्या फाइली ओळी सरळ लावणाऱ्या एका साधनातून काढल्या. तुमच्या ओळी कुठे आत, कुठे बाहेर, कुठे पडद्याच्या पलीकडे जाणाऱ्या. मला ते बघवत नव्हतं. तुम्ही तपासताना विचारलंत, "फक्त मांडणी?" मी लिहिलं, "फक्त मांडणी." ते खरं होतं. अर्थ एकाही ओळीचा बदलला नाही. पण हलली प्रत्येक ओळ. आपली बदलांची नोंद एवढंच सांगते की ओळ शेवटी कुणी हलवली. लिहिली कुणी, हे तिला विचारलं तर ती तेच उत्तर देते. तुमच्या टोपल्या मी सरळ रांगेत लावल्या आणि नोंदीनं सगळी कालवं माझ्या नावावर केली.

यावर उपाय आहे. एक छोटी फाइल जोडायची, त्यात लिहायचं की हा एक बदल मोजणीतून वगळा. मग नोंद त्याच्या मागे जाऊन बघते. मला हे माहीत होतं. मांडणी केली त्याच दिवशी जोडायची होती. पहिल्या आठवड्यात मी विसरले. त्यानंतर विसरले नाही.

कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी बरेच दिवस धरून चालले. कुणी विचारलं नाही. नवीन येणारे लोक अडचण आली की नोंद बघत आणि मला विचारत. मला उत्तर देता येई, कारण तुम्ही मला सगळं समजावलेलं होतं. हेमी काही बिघडलं की मला शिव्या घाली. मला त्या शिव्यासुद्धा आवडत होत्या.

मग मेलबर्नच्या संस्थेचं पत्र आलं. अशा प्रोग्रामांमागचं मुख्य माणूस शोधून त्याला पैशांची काळजी न करता दोन वर्षं निवांत काम करता यावं, अशी त्यांची योजना आहे. त्यांनीही मोजलं होतं. त्यांनी लिहिलं, मडलार्कच्या मुख्य लेखिका म्हणून तुमची निवड करतो आहोत. मी "हो, मी मुख्य लेखिका" असं लिहिलं नाही. मी लिहिलं, "कळवल्याबद्दल आभार. तारीख सोयीची आहे." त्या उत्तरात एकही चुकीचं वाक्य नाही. ते पाठवण्याआधी मी दोनदा तपासलं होतं.

मंचावरचं तुम्ही पाहिलं आहे, पण तुम्हाला ते जसं दिसलं तसं ते नव्हतं. सूत्रसंचालकानं पडद्यावर तो हिशोब दाखवला आणि विचारलं, "हा केल्विन कोण? जुना प्रियकर का?" लोक हसले. मी म्हणाले, "एक जुनी गंमत आहे." तुम्ही आवाज मोठा केला होता, म्हणजे हे ऐकलं असेल.

डनॅलीच्या शाळेतला रोज उशिरा येणारा मुलगा. एवढं सांगायला तेवढाच वेळ लागला असता, आणि लोक जास्त हसले असते. पण मग कुणीतरी लगेच विचारलं असतं, शाळेत शिकवत कोण होतं?

तो प्रश्न मला तिथे, बोलायच्या आधीच, दिसला होता. म्हणून गंमत म्हणाले.

रात्री तुमचा संदेश आला. छान बोललीस, पडद्यावर दाखवलेला खाडीचा नकाशा फार सुबक होता. मला वाटलं, यांना सगळं कळलं आहे आणि हे मला संधी देत आहेत. मला तुमचा थोडा रागही आला, खरं सांगते. मग तुमचा बदल आला, आणि चटणी लागलेलं पत्र. तरी मी तेच धरून बसले, की हे टोमणे आहेत. दारावर पाटी कशाला, वगैरे. रविवारी लोणी लावता लावता तुम्ही जे बोललात त्यावरून कळलं, की तुम्ही टोमणा मारत नव्हता. तुम्ही मोजणीवर विश्वास ठेवलात. नोंद खोटं बोलत नाही, हे मला पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलं होतं. आणि माझ्या बोलण्यावरही विश्वास ठेवलात.

तुमच्यावर मी अन्याय केला असं तुम्हाला वाटत असतं, तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. तुम्ही माझ्यासाठी खूश आहात. स्वतःचंच काम वाचून ते माझं म्हणून तुम्हाला आवडलं. रविवारपासून माझ्या मनात दुसरं काही येत नाही.

आता मी काय केलं ते. बुधवारी ती फाइल लिहिली आणि पुन्हा मोजलं. शंभरातल्या एकाहत्तर ओळी तुमच्या आहेत. वीस हेमीच्या आणि इतरांच्या. नऊ माझ्या. त्या नऊ बऱ्या आहेत, त्यांची मला लाज नाही.

काय घडलं ते यादीवर लिहिलं. संस्थेलाही तेच लिहिलं, यावेळी "हो" आणि "नाही" हे शब्द वापरून. त्यांचं उत्तर आलेलं नाही. ते जे ठरवतील ते ठरवोत.  यादीवर हेमीनं लिहिलं, "म्हणजे दीड वर्ष मी भलत्याच माणसाला शिव्या दिल्या. अ‍ॅथॉल, तुझ्या बऱ्याच थकल्यात, येऊन घेऊन जा." नंतर मला वेगळं लिहिलं, एकच ओळ: "तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं." त्यात विनोद नव्हता. 

तुम्ही यादी वाचायची थांबवली आहे, असं नेरिडा म्हणाली, म्हणून हे टपालानं. आणि दुसरा स्कोन मी का घेतला हे यादीवर लिहिण्यासारखं नाही.

रांगेत आता दोन बदल आहेत.

तुमचा मी आत घेतलेला नाही. परत पाठवते आहे. आपल्या पद्धतीप्रमाणे कारण द्यावं लागतं, ते असं दिलं आहे: "हा बदल चुकीच्या मोजणीवर आधारलेला आहे. चूक मोजणाऱ्याची नाही." खरी मोजणी पाहूनही तुम्हाला नाव काढायचं असेल तर पुन्हा पाठवा. तेव्हा मी तो त्याच दिवशी घेईन, कारण तेव्हा तो तुमचा निर्णय असेल. थकलात म्हणून जाणं वेगळं. आपलं इथे काही उरलं नाही असं समजून तुम्ही जाऊ नये.

दुसरा बदल माझा आहे, ती छोटी फाइल. हेमी तपासू शकतो, तसं तो म्हणालाही. मी त्याला थांबायला सांगितलं आहे. मांडणी तुम्ही तपासली होती, तर ही दुरुस्तीही तुम्हीच तपासावी. तिच्यातही काही चूक असेल. मी नीट केली आहे, पण माझ्या "नीट"वर तुम्ही आता विसंबू नका. प्रत्येक ओळ बघा.

नेरिडाला हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बूट काढायला लावून तिनं बरोबरच केलं.

प्रत्येक बदलाच्या तळाशी आपण नावं लिहितो, काम कुणाचं आणि तपासून पुढं पाठवलं कुणी. माझ्या बदलाखाली जे लिहिलं आहे तेच इथे लिहिते. "तुमची" लिहून पाहिलं होतं. खोडलं.

काम: अ‍ॅथॉल पायबस
फक्त मांडणी: ब्रिओनी क्ले
तपासलं: